पुस्तकांची गावपळण

संचिता धुरीला कशाचंच काही वाटत नाही, असं पोयसाळात कुणीही सांगेल. तिची सासू काशीबाई तर तिच्या तोंडावरच सांगते, "आमची सून म्हणजे व्हाळातलो धोंडो. वरसून पाणी गेला काय नि गुरां गेली काय, हलाचा नाव नाय."

संचिता यावर हसत नाही, रागावतही नाही. "भात वाढू मा?" एवढंच विचारते.

ती अशी नव्हती. बांद्याच्या बाजारपेठेतली पोरगी. हायवेला लागून बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे चार गिऱ्हाइकांच्या गराड्यात उभं राहून भांडायची सवय लहानपणापासूनची. लग्न होऊन पोयसाळात आली तेव्हा पहिल्याच गणपतीत फुगडी घालताना तिचा आवाज पार वरच्या वाडीला ऐकू गेला होता. नवरा परशुराम देवबागला दुसऱ्याच्या होडीवर पर्यटकांना खाडीतून फिरवतो. गर्दीचे वार तिकडे, रिकामा वार घरी. दोघांना एकच मुलगी, रिया, ती आता पुण्यात शिकते. घरात दुपारी काम नसायचं म्हणून संचिता वाचनालयात जाऊन बसायची. तिथल्या भाईंनी तिला हेरलं.

भाई म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. पोस्टातून निवृत्त झालेले, कृश, कानात बिगबाळी. गावात त्यांना नुसतं भाईच म्हणतात, आडनाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. ते म्हणाले, "गो, ग्रंथपालाचो कोर्स कर. सरकार म्हणता शिकलेलो माणूस होयो. माजा वय झाला, नि गावातले शिकलेले सगळे मुंबयत." संचिताने कोर्स केला, आणि त्या दिवसापासून दुपारी चार ते सात वाचनालय म्हणजे संचिता असं झालं.

ग्रामपंचायतीच्या इमारतीला चिकटून एक लांबट खोली, कपाटं, एक मोठं टेबल, वर्तमानपत्रं अडकवायच्या काठ्या. तिच्या नोकरीतलं पुस्तक देणं-घेणं हे थोडंच. उरलेलं सगळं मागणं. दिव्याचं बिल मागणं, पंखा मागणं, कपाटाला वाळवी लागली म्हणून औषध मागणं, अनुदानाचा अडकलेला हप्ता मागणं. तालुक्याला जायचं, बाकावर बसायचं, साहेब जेवायला गेले म्हणून ऐकायचं. सुरुवातीला ती भांडायची. मग नुसतं विचारायला लागली. मग विचारायचं राहिलं, ती जाऊन उभी राहायची आणि त्यांनाच कळायचं ती कशाला आलीय ते.

तौक्ते वादळात वाचनालयाचे पत्रे उडाले. भिजलेली पुस्तकं तिने देवळाच्या अंगणात उन्हात मांडली आणि पाऊस लागेपर्यंत रोज एकेक पान सुटं करत बसली. लोक आले. अरेरे म्हणाले, फोटो काढले, गेले. बर्फातली सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलताना बोटं आधी दुखतात, मग चुरचुरतात, मग आपली राहातच नाहीत. तसं काहीसं तिचं त्या अंगणात झालं. पत्रे पुढच्या वर्षी बसले. तोवर तिला ते बसले काय नि नाही काय सारखंच झालं होतं.

तरी ती रोज चार वाजता कुलूप काढायची. का, ते तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही स्वतःला विचारलं नाही.

या वर्षी दिवाळीनंतर सरपंच सुदेशने तिला आणि भाईंना पंचायतीत बोलावलं. सुदेश तरुण, चिऱ्याच्या खाणीवर टेम्पो चालवून वर आलेला. मनाने वाईट नाही. दोघांना चहा दिला, बिस्किटं पुढे केली, आणि मग बोलायला लागला.

"वयनी, पंचायतीचो पैसो दोन डब्यांत येता. येक डबो पाण्याचो नि संडासांचो. तेका दुसऱ्या कामाक हात लावूक गावणा नाय. दुसऱ्या डब्यातसून शिपायाचो पगार नि रस्त्यावरचे दिवे. तेतूर आता खडखडाट. वाचनालयाचा लाइट बिल मी खंयच्या डब्यातसून भरू, तुमीच सांगा."

भाई म्हणाले, "वाचनालयात येक संडास बांध. मगे पयल्या डब्यात बसात."

शिपाई फसकन हसला. सुदेशही हसला, पण लगेच गंभीर झाला. "भाई, मस्करी नको. ती खोली माका पर्यटनाच्या माहिती केंद्राक होई. तेका वरसून वेगळो पैसो येता. लोकांनी घरात पावण्यांक खोल्यो काडल्यानी, तेंका गिऱ्हायक होया. आता वाचूक येतत कितके? तुमी, ह्यो, नि पाऊस आसलो तर एसटीची वाट बघणारे."

संचिताने चहाचा कप खाली ठेवला. त्यात खोटं काही नव्हतं.

"पण मी वायट नाय," सुदेश म्हणाला. "शासनाची मान्यता आसा तवसर खोली तुमची, बिल मी खंयसूनय भरतलंय. यंदाच्या तपासणीत पास झालास काय माजो शब्द. नाय झालास तर मगे माका बोल लावू नकात."

बाहेर आल्यावर भाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती चप्पल घालत होती.

"गो, तुका काय वाटता?"

"तपासणी कधी आसा ता विचारूक होया," ती म्हणाली.

तपासणीची तारीख फोनवर कळली. मार्गशीर्षातला एक मंगळवार. संचिताने कपाटं पुसली, फाटकी पुस्तकं खळ लावून चिकटवली, वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधले. आणि त्याच आठवड्यात देवाने गावपळणीचा कौल दिला.

दर चार वर्षांनी पोयसाळ गाव ओस पडतो. कधी ते देव ठरवतो. कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, जिवंत म्हणून जे जे काही ते सगळं शिवेबाहेर. व्हाळ ओलांडून पलीकडच्या गावच्या मळ्यात झावळांच्या झोपड्या बांधायच्या आणि तिथे राहायचं. गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही. चौथ्या दिवशी गुरव एकटा आत जाऊन पुन्हा कौल लावतो, आणि देव 'या' म्हणाला तरच माणसं परततात. का, याची कारणं प्रत्येक घरात वेगळी सांगतात. पण कुणी मागे राहिल्याचं कुणाच्या ऐकण्यात नाही. मुंबईकरसुद्धा रजा टाकून येतात.

गाव सोडायचा दिवस आला सोमवार. तपासणी मंगळवारी.

तपासणीला येणारे कौस्तुभ साहेब घाटावरून नवीनच बदलून आले होते. संचिताने त्यांना फोन केला.

"साहेब, मंगळवारी गाव नसणार."

"गाव नसणार म्हणजे? पूर वगैरे आलाय का?"

"नाही. गावपळण आहे."

"कुठं पळणार तुम्ही?"

"शिवेपलीकडे."

"लांब आहे का ते?"

"नाही. व्हाळ ओलांडला की झालं."

मग साहेब समजुतीने म्हणाले, "मग ताई, तो ओढा तुम्ही अर्ध्या तासासाठी परत ओलांडा. मी येतो, बघतो, जातो."

"तसं येता येत नाही."

"हे बघा, मला श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नाही. पण पूर्ण तालुक्याचा अहवाल त्या आठवड्यात जातो. तुमचं राहिलं तर पुढच्या वर्षात जाईल, आणि मधल्या काळात मान्यतेचं काय होईल ते माझ्या हातात नाही. काहीतरी करून वाचनालय दाखवा मला. एवढंच."

भाई हे ऐकून तडक गुरवाकडे गेले. शंकर गुरव देवळाच्या पायरीवर नारळ सोलत होता.

"शंकर, देवाक विचार मरे, दोन दीस फुडे ढकलता काय."

"भाई, मी देवाक गाराणा घालतंय. अर्ज नाय करणत."

"वाचनालय बंद पडतला रे."

"देवाचा देऊळ तीन दीस बंद रवता. तेका काय झाला?" शंकरने सोडण खाली टाकलं. "नि तुमचा वाचनालय येरवी तरी खंय उघडा आसता? संचितावयनी येकटीच बसलेली दिसता."

भाई परत आले ते थेट संचिताच्या पडवीत बसले. काशीबाई कोंबड्या कोंडायला जुना करंडा दुरुस्त करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हातारीला वाचता येत नाही, वाचनालयात ती एकदाच गेली होती, तीही हरवलेली कोंबडी शोधायला.

"येवडा कित्याक रडतास?" ती म्हणाली. "जिता काय पाठी ठेवूचा नाय, ह्यो रिवाज. कोंबड्यो न्हेतंव, कुत्रो न्हेतंव. तुमची पुस्तकां जिती काय मेली ता आदी ठरवा. मेली आसतीत तर रवांदेत पडान. जिती आसत तर उचला नि चला."

भाई तिच्याकडे बघतच राहिले. "काशीबाय, तोंडात साखर पडो तुज्या."

"साखर नको, डायबेटिस आसा. माका करंड्याक सुतळी आणून द्या."

असं ठरलं. साहेबांना वाचनालय बघायचंय ना, मग वाचनालयच व्हाळापलीकडे न्यायचं. व्हाळाला लागून पलीकडच्या गावातल्या बाबलीचा मांगर होता. मांगर म्हणजे शेतातली गुरांची नि गवताची शाकारलेली खोप. बाबली पन्नाशीचा, सडाफटिंग, एका म्हशीचा धनी. संचिता त्याला विचारायला गेली.

"ठेव गो बाय, पुस्तकां ठेव. पण माजा गवत खंय ठेवू?"

"कोपऱ्यात."

"म्हशीन पुस्तक खाल्ल्यान तर माका बोलू नको."

"खाताना दिसली तर सांगा. पचणारा काडून देतंय."

ती हसली नव्हती, त्यामुळे बाबलीला ही थट्टा आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

रविवारी सकाळपासून पुस्तकं निघाली. गाव सोडायच्या आधीच्या दिवशी पोयसाळात जत्रेसारखी लगबग असते, त्यात हे नवीन निघालं म्हणून पोरंटोरं, बायाबापड्या सगळे धावले. ज्यांनी जन्मात पुस्तक उघडलं नव्हतं ते डोक्यावर गठ्ठे घेऊन व्हाळात उतरले. सुदेशने स्वतःचा टेम्पो दिला, डिझेलसकट. कपाटं जड म्हणून ती मागेच ठेवली, पुस्तकं तेवढी नेली. दारावरचा बोर्डही काढला. शेवटी उरले ते वाळवीने खाल्लेले जुने मासिकांचे अंक. संचिता म्हणाली, "ह्ये रवांदेत हयसरच. बाद करूचेच आसत."

भाईंना ते लागलं. "ते काय परक्याचे? येक पान पाठी रवता नये." आणि ते म्हातारे गृहस्थ स्वतः वाकून अंक गोळा करायला लागले. मग काय, तेही गेले. संध्याकाळी खोलीत नुसती उघडी कपाटं आणि टेबल उरलं. संचिताने केर काढला, कुलूप लावलं.

सोमवारी गाव गेला. ढोल, तासे, गुरांच्या घंटा, गळ्यात दोरी बांधलेली मांजरं, खांद्यावर म्हातारी माणसं. व्हाळापलीकडे झोपड्यांची ओळ लागली. ओळीच्या टोकाला बाबलीचा मांगर, आणि मांगराशेजारच्या काजूच्या झाडावर ठोकलेला बोर्ड: पोयसाळ सार्वजनिक वाचनालय, शासनमान्य.

संचिताने चार वाजता गवतावर गोणपाट अंथरून दुकान मांडलं. आणि माणसं आली. येणारच, जाणार कुठे? सगळा गाव हाकेच्या अंतरावर, हाताला काम नाही. बायका पाककृतीची पुस्तकं घेऊन चुलीपाशी बसल्या आणि त्यातल्या माशांच्या कालवणाला नावं ठेवायला लागल्या. "ह्यां बग, बांगड्याक टोमॅटो घाल म्हणता. शिरा पडो तेच्या तोंडार." मुंबईहून आलेली एक सून गावाचा इतिहास घेऊन बसली आणि सासऱ्याला प्रश्न विचारून हैराण करायला लागली. कुणीतरी ज्ञानकोशाचा जाडजूड खंड चुलीच्या वाऱ्याकडच्या बाजूला आडोसा म्हणून उभा केला. कुणी उशाशी घेतला. पत्ते खेळणाऱ्यांनी एका कवितासंग्रहाची पत्ते पिसायला फळी केली.

भाई त्या झोपड्यांमधून फिरत होते, डोळे भरून आलेले. "गो, बग तरी! असा कधी बगललंस?"

संचिताने बघितलं. इतकी माणसं, इतकी पुस्तकं उघडी. आपल्याला आता आनंद व्हायला हवा असं तिला कळलं. ती जरा थांबून वाट बघत राहिली. मग तिने चुलीजवळचा खंड उचलला, कडा भाजली होती ती पुसली, आणि त्या जागी एक दगड लावला.

मंगळवारी अकराच्या सुमाराला कौस्तुभ साहेब मोटारसायकलवरून आले. तरुण, नीटनेटके, खांद्यावर बॅग. भाईंनी त्यांना झोपड्यांमधून मिरवत आणलं. साहेबांनी बोर्ड बघितला, मांगरातले ढीग बघितले, वाचत बसलेली माणसं बघितली. खरोखर खूश झाले.

"कमाल आहे ताई. असं मी कुठंच पाहिलं नाही."

त्यांनी चहा घेतला. नोंदी ताडून पाहिल्या, चार-पाच पुस्तकं मागितली, संचिताने ती ढिगातून, झटकन नाही पण शोधून काढून दिली. सभासदांना विचारलं. पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते लपवून कवितासंग्रह वाचायचं सोंग केलं, त्यातल्या एकाने उलटा धरला. साहेबांनी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं. सुदेशही येऊन उभा राहिला होता. त्याने संचिताकडे बघून मान डोलावली, म्हणजे झालं तुमचं.

मग साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "चला. आता इमारत बघू."

सुदेशची मान डोलायची थांबली.

"इमारत म्हणजे?" भाई म्हणाले.

"वाचनालयाची. हे तात्पुरतं आहे ना? मला जागेची पाहणी करावी लागते. फोटो जोडावा लागतो, जागेत ग्रंथसंग्रह असल्याचा."

भाईंनी व्हाळाकडे बघितलं. व्हाळापलीकडे पोयसाळ. एकाही घरातून धूर नाही.

"आमच्यान थंय जावक नाय," सुदेश म्हणाला, आणि मग भाषा बदलून, "म्हणजे साहेब, आम्हाला तिकडे जाता येत नाही. तुम्ही जाऊ शकता. तुम्ही बाहेरचे. किल्ली देतो."

साहेब किल्ली घेऊन एकटे गेले. झोपड्यांतले सगळे व्हाळाच्या काठाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ झाला. साहेब परत आले तेव्हा घामाघूम होते, आणि चालत नव्हते, जवळजवळ धावत होते.

"कुत्रं नाही, कावळा नाही," ते म्हणाले. "माझ्याच बुटांचा आवाज... पाणी द्या जरा." पाणी प्यायले. मग मोबाइल काढून त्यांनी फोटो दाखवला. उघडी, रिकामी कपाटं.

"हे असं आलंय."

भाई म्हणाले, "तर! येक पान पाठी ठेवूक नाय, साहेब. सगळं आणलं इकडे." त्यांच्या आवाजात अजून अभिमान होता.

"तेच म्हणतोय मी," साहेब हळू म्हणाले. "तिकडं खोली आहे, पुस्तकं नाहीत. इकडं पुस्तकं आहेत, खोली नाही. मी लिहू काय? एक कपाट, काका. एक कपाट भरलेलं ठेवलं असतंत तरी माझा फोटो झाला असता."

भाईंना ते वाळवीचे अंक आठवले असावेत. ते मटकन खाली बसले.

साहेबांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. त्यांनी घड्याळ बघितलं. "मी थांबतो. दुपारपर्यंत थांबतो. कुणीतरी जाऊन एक कपाट भरा. मी परत जाऊन फोटो काढतो, विषय संपला."

"तुमीच दोन गठ्ठे न्या मरे, साहेब," कुणीतरी म्हणालं.

"मीच भरायचं आणि मीच तपासायचं? नोकरी जाईल माझी."

बाबलीकडे सगळ्यांनी बघितलं. तो पलीकडच्या गावचा, त्याला बंधन नाही. बाबलीने दोन्ही हात जोडले. "माका नको तुमच्या देवाचो ताप. माजी येकच म्हस आसा."

आता सगळे संचिताकडे बघत होते. तोंडाने कुणी जा म्हणालं नाही, नको म्हणालं नाही. काशीबाई करंड्याजवळ बसली होती, तीही गप्प होती. कधी नव्हे ते.

संचिताने गवतावरचा एक गठ्ठा उचलला आणि व्हाळाकडे चालू लागली. काठावरची माणसं बाजूला झाली. ती पाण्यात उतरली. मार्गशीर्षातलं पाणी, घोट्याएवढं, गार. मधोमध जाऊन थांबली.

देवाची भीती वाटतेय का, हे तिने तपासून बघितलं. नव्हती. लोक काय म्हणतील त्याचीही नव्हती. चार पावलांवर पोयसाळची वाट होती, ती रोज चालते तीच. जाऊन, कपाट भरून, परत यायला कितीसा वेळ. मान्यता राहिली असती. खोली राहिली असती. सुदेशने शब्द पाळला असता.

आणि मग पुढच्या पावसात कुणाची गाय दगावली असती, कुणाचं पोर तापाने फणफणलं असतं, आणि ते सगळं त्या खोलीच्या दाराशी येऊन थांबलं असतं. गावपळण मोडून भरलेलं कपाट. त्यातलं पुस्तक घरात कोण नेणार? आज ज्यांनी डोक्यावरून गठ्ठे आणले ते दारावरून जाताना तोंड फिरवतील. चार वाजता कुलूप निघेल, सात वाजता लागेल, आणि पुढच्या वर्षी साहेब येऊन भरलेल्या कपाटांचा फोटो काढून जातील.

ती तशीच मागे वळली. गठ्ठा बाबलीच्या गवतावर ठेवला. पायांचं पाणी पदराने पुसलं.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "जे दिसलं ते लिहा."

कौस्तुभ साहेबांनी लिहिलं. जाताना त्यांनी तिला नमस्कार केला. तिनेही केला. भाई अजून बसलेलेच होते, त्यांना उठवायला दोघांचे हात लागले. काशीबाई त्या रात्री जेवताना एकदाच बोलली. "पाणी गार होता मा?"

"व्हय."

"मगे झाला."

चौथ्या दिवशी देव या म्हणाला आणि गाव परत भरला. झोपड्या मोडल्या, गुरं परतली, घराघरात चुली पेटल्या. पुस्तकं तेवढी मांगरात राहिली, कारण माणसं दमली होती, आज न्हेऊया, फाल्या न्हेऊया करत होती. दरम्यान वरून कळवलं गेलं की पोयसाळची मान्यता पुढच्या निर्णयापर्यंत थांबवली आहे. सुदेश दुसऱ्याच दिवशी घरी आला. बसला नाही, दारातच उभा राहिला.

"वयनी, खोली आयतीच रिकामी आसा. आता परत पुस्तकां आणून भरूची, नि परत काडूची... लोकांका उगीच दोनदा हेलपाटो."

"बरा," संचिता म्हणाली.

त्याला वाटलं होतं ती भांडेल. त्यासाठी तो बोलणं तयार करून आला होता, ते तसंच त्याच्याकडे उरलं. "तुमका वाईट वाटला आसतला," तो म्हणाला.

संचिताने यावर विचार केला. "माका ठाव नाय," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. "ही घेवा खोलीची किल्ली. कुलपात फिरवताना जरा वर उचलूक लागता."

भाईंनी राजीनामा दिला. कुणाकडे द्यायचा ते त्यांना कळेना, म्हणून तिच्याकडे दिला. तिने तो घेतला. मानधन आता येणार नव्हतं, त्यामुळे नवरा परशुराम म्हणाला, देवबागला चल, पावण्यांचं जेवण करायला बाई हवीच आहे. ती म्हणाली, सकाळचं करते, दुपारचं जमणार नाही.

आता ती दुपारी व्हाळ ओलांडते. बाबलीने गवत एका अंगाला सारून तिला आणखी थोडी जागा करून दिली आहे, आणि म्हशीला दूर आंब्याला बांधतो. त्याने भाडं मागितलं नाही, आणि म्हस जागा मागेपर्यंत मागणार नाही असं काहीतरी चमत्कारिक बोलला. पोयसाळातले लोक लांब पडतं म्हणतात. घोट्याएवढं पाणी, पण लांब पडतं. मुंबईच्या त्या सुनेच्या सासऱ्याने गावाचा इतिहास परत द्यायला म्हणून पाठवला तो कुणाच्या तरी हाती, स्वतः आला नाही. दोघंतिघं येतात, कधी कुणीच नाही.

माघात एका दुपारी पलीकडच्या गावातली एक बाई डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन चालली होती. मांगराशी थांबली. भारा उतरवला, आत डोकावली.

"ह्यां काय गो? दुकान?"

"वाचनालय."

"खंयच्या गावाचा? तुमच्या काय आमच्या?"

संचिताने गठ्ठ्यावरची धूळ झटकली.

"ता ठरूक नाय अजून," ती म्हणाली. "तुमका काय होया?"

बाई जरा विचारात पडली. लाकडं तिथेच भिंतीला टेकवून ठेवली, लुगड्याला हात पुसले, आणि आत आली.